सही राहिलेला निकाल

४ मार्च, सोमवार
जजसाहेबांची बदली! आदेश दुपारी आला, संध्याकाळी निरोप समारंभ. आणि मास्तरांचा निकाल? गुरुवारीच साहेबांनी सांगितला, मी लघुलिपीत उतरवून घेतला. अजून टाइपसुद्धा व्हायचाय. मास्तर निर्दोष! चौदा वर्षांपूर्वी पेपर फोडल्याचा आळ घेऊन शाळेने काढलं होतं त्यांना. "सही नाही म्हणजे निकालच नाही," बेलिफ म्हणाला. मला शिकवतो!

५ मार्च
मास्तर बाहेरच्या बाकावर. "ताई, निकाल कधी?" मी फायलीत डोकं घातलं.

२२ एप्रिल
नवे साहेब आले. युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून! त्यांचंही खरंच आहे म्हणा, न ऐकता निकाल कसा देणार? पण हा चौथा साहेब. मी तीच, खुर्ची तीच, कंबर मात्र गेली. बदली करण्याआधी हातातले निकाल पुरे करू द्या— इतकं साधं वरच्यांना सुचत नाही? घरी बोलले तर लेक म्हणते, "आई, जेवताना तरी कोर्ट नको गं."

१७ जून
तडजोडीचा आठवडा. जुने खटले समोरासमोर बसवून मिटवायचे. शाळेने मास्तरांपुढे कागद ठेवला— आम्ही आरोप मागे घेतो, तुम्ही दावा मागे घ्या. माफी नाही, पण डाग तरी पुसला जाईल.

मास्तर माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही इतकी वर्षं ऐकताय, ताई. करू का सही? थकलो हो आता." मला राहवलं नाही. "नका करू. थांबा थोडं." इतकंच बोलले. शपथ, इतकंच! त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. कागद परत केला.

१८ जून
कुणाला कळलं तर नोकरी जाईल. जाऊ दे! कधी नव्हे ती शांत झोप लागली.

९ सप्टेंबर
युक्तिवाद संपले. पेपर ठेवलेल्या कपाटाचं कुलूप तुटलेलं ज्याने पाहिलं, तो शाळेचा शिपाई मागेच वारला. जुन्या साहेबांनी त्याला समोर बोलताना पाहिलं होतं, माणूस खोटं बोलत नाही हे दिसत होतं. नव्या साहेबांपुढे त्याची साक्ष म्हणजे नुसते कागद. जीव धास्तावलाय.

३० सप्टेंबर
नव्या साहेबांनी निकाल सांगितला. मीच टाइप केला. दावा फेटाळला. वाचणार उद्या.

संध्याकाळी जिन्यात मास्तर भेटले. हसून म्हणाले, "ताई, तुमचं ऐकलं ते बरं केलं."