वेळ जावा म्हणून

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, आता पोटगी कसली मागतेस? शोभतं का?" आणि मी फोन ठेवून दिला. ठेवला नसता तर तोंडून काय काय गेलं असतं कोण जाणे. तळपायाची आग अजून मस्तकातच आहे, म्हणून लिहायला बसले.

घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना मी काही मागितलं नव्हतं, हे खरं. मान ताठ ठेवून बाहेर पडायचं होतं ना मला! वाटलं, हातपाय धड आहेत, मिळेल काम. तुझ्या बाबांच्या दातांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं काय केलं ते तुला सांगायला नको. शाळेतून आलीस की तू बाकावर बसून डबा खायचीस आणि मी आत अवजारं उकळत असायचे. भेटीच्या वेळा मी द्यायचे, घाबरलेल्या पेशंटचा हात मी धरायचे, आणि जाताना तो म्हणायचा, डॉक्टरांचा हात काय हलका आहे! तेव्हा हसू यायचं मला. आता नाही येत.

कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्यात बाई हवी होती. त्यांनी अनुभवाचं पत्र मागितलं. नाक मुठीत धरून मी बाबांकडे गेले, दोन ओळी लिहून द्या म्हटलं. भरल्या दवाखान्यात ते म्हणाले, "तू घरची होतीस. वेळ जावा म्हणून येऊन बसायचीस." ते काम गेलंच. भाडं तुझ्या मावशीने भरलं. मग मी वकीलबाईंकडे गेले. निकालानंतरही मागता येतं, असं त्या म्हणाल्या.

आता कोर्टात बाबांचं उत्तर आलंय. काय म्हणतात माहीत आहे? अर्जदार बाईंना, म्हणजे मला, दवाखान्याचा दांडगा अनुभव आहे, त्या सहज कमावतील, पोटगी कशाला! संताप संताप झाला माझा. आणि खाली साक्षीदार म्हणून तुझं नाव.

येऊ नकोस असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू ये. दवाखाना आईच चालवायची, असं छातीठोक सांग. मला ते एकदा कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंच आहे. फक्त त्यानंतर वकीलबाई तुला विचारतील, आईला पगार किती मिळायचा. तेव्हा बाबांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि उत्तर दे.

तुझीच, अजून तितकीच चिडलेली,
आई