दोष माझा नाही, बेलचा आहे

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.
आनंदीआनंद! दोष माझ्यात नाहीच! डॉक्टरबाईंनी स्वतः सांगितलं. छातीत धडधड, झोप नाही, उगाच रडू येतं, सगळं सांगितलं. त्यांनी कामाचं विचारलं. म्हटलं, दारावरच्या बेलच्या कारखान्यात आहे. प्रत्येक बेल वाजवून पास करायची, दिवसभर. टेबल जिन्याखाली. खिडकी नाही. राहतो दादा-वहिनीकडे, झोपतो पॅसेजमध्ये. मित्र? नाहीत. बाई म्हणाल्या, एवढ्या सगळ्यात कुणालाही चिंता आणि औदासीन्य येईल. ('औदासीन्य' असंच लिहितात. तपासलं.) थोडक्यात गोंगाट, अंधार, एकटेपणा. म्हणजे डोकं शाबूत आहे, फक्त चुकीच्या जागी ठेवलंय! माणसांत मिसळा, पुढच्या आठवड्यात या, असंही काहीतरी म्हणाल्या. ते किरकोळ.

४ मार्च.
गोंगाटापासून सुरुवात. वहिनीला मिक्सर हळू लावायला सांगितलं. म्हणाली, "भावोजी, हळू कसा लावतात ते तुम्हीच दाखवा." दाखवलं. झाकण उडालं. भिंत हिरवी.
उपाय बदलला. घरात कुणी नसताना स्टुलावर चढून घरच्या बेलच्या वायरी सोडवल्या. काम सफाईदार. बाहेरचं बटण ठेवलंय, शोभेला. कुणाला सांगितलं नाही. शांतता त्यांना आपोआप जाणवेल.

५ मार्च.
आता अंधार! खिडकीजवळचे रंगारीकाका रिटायर झाले, टेबल रिकामं. फोरमनसाहेबांना गाठलं. (त्यांना सगळे सायरन म्हणतात. समोर नाही.) ऊन आणि मेंदू यावर थोडं बोललो. म्हणाले, "अरे, ऊन पाहिजे तर गच्चीवर जा की!" मग माझा चेहरा बघून नरमले. रविवारी सकाळी आमच्याच गल्लीत काम आहे म्हणे. "चहाला येतो, बसून बोलू. कासवालाही हवंय ते टेबल. सोमवारी कुणाला तरी देऊन टाकणार." (कासव म्हणजे आमच्यातला सगळ्यात संथ कामगार.)
सायरन! माझ्याकडे! चहाला! अंधार आणि एकटेपणा, एका रविवारात खलास!

८ मार्च, रविवार. सकाळ.
दादा-वहिनी तिच्या माहेरी. घर चकाचक. शर्टाला इस्त्री. दोन कप, बशाही जुळणाऱ्या. धडधड वाढली म्हणून मोबाईल बंद केला, कानांत कापूस घातला. काय ती शांतता! उपाय लागू पडतोय.

दुपार.
नाही आले. चहा मीच प्यायलो. दोन्ही कपांतून.

संध्याकाळ.
आजकाल कुणी कुणाकडे जात नाही. डॉक्टरबाईंचं खरं आहे, आजाराचं मूळ समाजात आहे. माणसानं वाट तरी किती बघायची? माझ्या बाजूनं मी काही कमी ठेवलं नव्हतं.

९ मार्च.
सायरन वाजला. अख्ख्या कारखान्यात. "बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं! दार बडवलं! फोन लावला! द्राक्षं घेऊन उभा होतो वेड्यासारखा! शेवटी तुझ्या शेजारणीला दिली!" टेबल कासवाला.
मी शांतपणे म्हणालो, साहेब, बेलमध्ये दोष असेल.
म्हणाले, "बेल आपल्याच कारखान्यातली ना? मग पास कुणी केली?"
पॅकिंगवाले अजून हसतायत. जिन्याखाली स्पष्ट ऐकू येतं.

१० मार्च. संध्याकाळ.
शेजारीण सांगत होती, द्राक्षं गोड होती.
स्टुलावर चढलो. वायरी जोडल्या. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं, बटण दाबलं. आवाज खणखणीत. आतून "आले, आले!" करत वहिनी पळत आली. "कोण आलंय?"
म्हटलं, मीच.
"अगंबाई! मग आत या ना!"
उगाच डोळ्यांत पाणी आलं. स्टुलावरची धूळ असणार.
एकदा वाजवून बेल पास करणं बरं नव्हे. म्हणून आणखी दोनदा वाजवली. दोन्ही वेळा आली. शेवटच्या वेळी झाडू घेऊन.