पन्नास वर्षांपूर्वीचा चेहरा

३ जून, सोमवार
मेकअपचा कोर्स अखेर सुरू झाला. वर्गात सगळ्या विशीतल्या, मी एकटी चौतिशीची. पहिल्याच तासाला माझी ‘काकू’ झाली. होऊ दे. आरशाभोवतीचे दिवे लागले तेव्हा किती दिवसांनी मनापासून हसू आलं! खोलीही छान मिळाली आहे. जोडीदारीण दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, म्हणून मी तिला दातवाली म्हणते. रोज संध्याकाळी तिच्या आईचा फोन येतो. दोघी भांडल्यासारख्या बोलतात आणि शेवटी खिदळतात. मी तेवढ्यापुरती गॅलरीत जाते.

८ जून, शनिवार
परीक्षेचा विषय मिळाला: पन्नास वर्षांपूर्वीचा मेकअप. मॅडम म्हणाल्या, सिनेमातला नको, घरातला जुना फोटो बघून करा. माझ्याकडे आईचा एक आहे, ऐन विशीतला. बारीक कोरलेल्या भुवया, कडेला वर वळलेलं लायनर, फिकट ओठ, उंच अंबाडा. मॉडेल व्हायला दातवाली एका पायावर तयार झाली.

फोटो आरशाला लावला. आईला जाऊन आठ महिने झाले. शेवटची दोन वर्षं तिनं मला ओळखलंच नाही. मी भरवायचे, न्हाऊ घालायचे, आणि ती विचारायची, “अहो बाई, तुम्हाला घरी जायचं नाही का?”

९ जून, रविवार
सकाळी पहिला सराव. दातवालीच्या जाड भुवया साबणानं चापून बसवल्या, वर फाउंडेशन थापलं, मग पेन्सिलीनं नव्या काढल्या. शेवटी लायनर ओढलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ठमे, केवढी वाळलीस गं!”

ठमी फक्त आई म्हणायची. मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही.

चेहरा पुसल्यावर विचारलं. तिला काहीच आठवेना. डुलकी लागली असेल म्हणाली.

१२ जून, बुधवार
कामावरून ती आल्या आल्या पुन्हा बसवलं. सराव हवा, असं सांगितलं. आई तासभर होती. माझे केस विंचरून दिले. मी विचारलं, मला ओळखतेस ना? म्हणाली, “वेडी आहेस का? स्वतःच्या पोरीला कोण विसरतं?”

पुसताना हात उचलेना.

१६ जून, रविवार
पाच वेळा झालं. दातवाली कामावर पेशंटची नावं चुकवते आहे. आज तिच्या आईचा फोन आला. चेहरा तेव्हा स्वच्छ पुसलेला होता. थोडं ऐकून तिनं फोन माझ्याकडे दिला; कुणीतरी बाई रडतायत, तुमचं काम असेल, म्हणाली. पलीकडून ती माउली विचारत होती, माझ्या लेकीला काय झालंय? मी सांगितलं, ताप आहे.

बस्स. आता नाही करायचं.

१८ जून, मंगळवार
केलं.

आज निघेना. कापूस पांढराच्या पांढरा. रंग वर नाहीच, कातडीच्या आत—
परीक्षेला जात नाही. एवढ्या लोकांत आईला कशी नेऊ?

२० जून, गुरुवार, सकाळ
तेल लावून घासलं. डावी बाजू निघाली. त्या डोळ्यातून दातवाली रडते. म्हणते, आईला बोलवा, तिचा चेहरा आठवत नाहीये. उजव्या डोळ्यातून आई बघते. म्हणते, “पुसू नकोस गं. मग मी पुन्हा तुला विसरेन.”

दुपार
दातवालीची आई आली आहे. दार वाजवतेय. लेकीला हाका मारतेय— आवाज बसलाय तिचा.

अर्धाच चेहरा उरलाय. पाच मिनिटांचं काम. पुसते. पुसायलाच हवं. कुणाच्या तरी पोटची पोर—

तेलाच्या बाटलीसाठी हात घातला. हातात आला तो लायनरचा ब्रश. दातवाली डावा डोळा मिटून घेतेय, नको नको म्हणतेय, मी ब्रश खाली ठेव—