भिंतीची ऊब

देवळाली कॅम्प, ४ डिसेंबर १९३६
विंचूरहून आले. गेणूनं स्वतःची कोळशाची वखार काढलीय, सून लंका दिवस भरलेली, म्हणून म्हातारी आठवली. घर वखारीला चिकटून, पण नवं, टुमदार. जीव खूश झाला. थंडी मात्र हाडात शिरते. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. वाचणाऱ्यानं निमूट वाचावं.

६ डिसेंबर
बिकानेरकडून वॅगन आली. कोळसा काळा नाही, तपकिरी! हाताला ओलसर, दाबला की भुगा, आत लाकडासारख्या रेघा. हमाल खाजा तिकडच्याच खाणीवर राबलेला. तो म्हणाला, आजी, ही गाडलेली रानं, दगड व्हायची राहिलेली. हवा लागली की आपोआप तापतात, ढीग कमरेच्या वर नको. गेणू त्याला म्हणाला, तू हमाली कर, मास्तरकी नको. वीटभट्टीवाले नेईपर्यंत ढीग घराच्या भिंतीला, पार छपरापर्यंत. मी बोलले तर म्हणे, माय, तुला चुलीतलं कळतं. मेल्या, त्याच चुलीवर तुला वाढवला!

१० डिसेंबर
नात झाली. नाक आमच्याकडचं, बिचारी. बाळंतिणीची खोली ढिगामागचीच. भिंत चक्क कोमट. बरं झालं, बाजेखाली शेगडी नको. बाज भिंतीला लावली. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या, दाराखालच्या फटीत चिंध्या मीच ठासल्या.

१३ डिसेंबर
डोकं ठणकतंय. लंका दिवसभर झोपते. आळशी म्हणून झापलं तिला. ढिगातून वाफ निघते. भिंतीपलीकडे कुरकुर, कोणी कूस बदलावी तशी. खाजा ढीग पसरायला आला तर गेणूनं हाकलला. पोटचा आहे, म्हणून शिवी गिळली.

१५ डिसेंबर
खोलीत उबेला येणारं मांजर भिंतीपाशी मेलं. गेणूला सांगितलं, ढीग हलव, नाहीतर मी फावडं घेते. म्हणे उद्या. उद्या!

१६, दुपार
भिंत चटका देते. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून आतून कडी लावून बसले होते. पोरगी दूध मागत नाही. लंकाला चिमटा काढला — डोळे उघडले, परत मिटले. झोप नाही ही, भिंतीतून झिरपलेलं ढिगाचं विष. आणि मी हिला आळशी —

पाय उचलत नाहीत. हाक घशातच. गेणू बाहेर खोकतोय. लिहून पान दाराखालून सारते —

गेणू, दार तोड. आधी पोरगी. मग लंका. मग जमलं तर —

पान जात नाही. चिंधी. मीच ठास