यासीनच्या नावाने

२९ मे

काल चांद दिसला. जिल्हेजचा महिना लागला. ज्याच्या घरी कुर्बानी, त्याने आता बकरा कापला जाईपर्यंत केस-नखं कापायची नाहीत. मी मगरिबच्या नमाजाआधीच नखं काढून मोकळी झाले. दरवर्षी यासीन आठवण करून द्यायचा. या वर्षी कुणी दिली नाही, तरी चुकले नाही.

यासीन गेल्यानंतरची इद्दत संपून दोन आठवडे झाले. चार महिने दहा दिवस घरात – माझ्यासारखी बाई! दूधनाक्यावरच्या बायका म्हणे विचारत होत्या, टीचरचा आवाज गेला काय. रविवारच्या बैठकीत कळेल त्यांना.

केपटाउनहून मुदस्सरचा फोन. तिथली आपल्या कोकणी बिरादरीची संस्था मलावीतल्या खेड्यांत कुर्बानी करते. तिथे लोकांना वर्षातून एकदाच मटण मिळतं. "अम्मी, अब्बांच्या नावाने एक देऊ या का? सोमवारपर्यंत नाव कळवायचंय."

या असल्या कुर्बानीला मी आजवर काय काय म्हटलंय! मोबाइलवरचा बकरा. बसल्या जागी पुण्य, घरपोच सवाब. स्टेजवर टाळ्या घेतल्यात त्यावर.

त्याला म्हटलं, बघते.

३० मे

बघायचं काय त्यात? मला माहीत आहे.

आम्ही शाफई पंथाचे. आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने कुर्बानी होत नाही. तो स्वतः जिवंतपणी सांगून गेला असेल, वसियत केली असेल, तरच. यासीन सांगून गेला नाही. शेवटचे आठ दिवस हॉस्पिटलात मी बहुतेक वेळ उशाशी होते. पाणी मागितलं, उशी वर करायला सांगितली, विजेचं बिल भरलं का विचारलं. हे नाही सांगितलं.

आयुष्यात एकदाही त्याच्या नावाने कुर्बानी झाली नाही. शाफईंत एका घराला एक पुरते. तो म्हणायचा, "घरातलं मोठं नाव तुझं, तेच घे." बकरा तो आणणार, आठ दिवस पाला तो घालणार, पाय तो धरणार. आणि नाव – नफीसा यासीन बुरोंडकर. लोको शेडमध्ये पस्तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. तिथेही कधी कशावर याचं नाव आलं नाही.

एकदा तरी यावं.

३१ मे

जमीला आठवते आहे सकाळपासून. यासीनची बहीण, माझी नणंद. बारा वर्षांपूर्वी बायकांच्या बैठकीत तिने विचारलं होतं, "भाभी, यंदा आईच्या नावाने करू का?" सासूबाईंचीही वसियत नव्हती. मी तीस बायकांसमोर उभं राहून तिला शास्त्रातला मसला, म्हणजे नियम, सांगितला. रिवाज वेगळा, दीन वेगळा. रडण्याने मसला बदलत नाही. हे शेवटचं वाक्य पुढे पुष्कळ गाजलं. बायका अजून म्हणून दाखवतात.

जमीला उठून गेली होती. मी मात्र त्या दिवशी फार खुशीत होते.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. आमच्यातल्याच काही जुन्या जाणकारांनी अशी कुर्बानी सदका, म्हणजे दान, म्हणून चालते, असं म्हटलेलं आहे. थोड्यांचं मत, पण आहे. ते पान मी तेव्हाही वाचलेलं होतं. जमीलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाषणाची धार गेली असती.

१ जून

आवाज जसाच्या तसा आहे!

मुलींच्या वारसाहक्कावर बोलले. पाऊण तास, हातात कागद नाही. भावांना बक्षीसपत्र लिहून देणाऱ्या बहिणींना चांगलं झोडलं. मागच्या रांगेतल्या पोरींनी मोबाइल खाली ठेवले, तेव्हाच ओळखलं.

नंतर रेतीबंदरची एक म्हातारी पुढे आली. "टीचर, आमचे मिस्टर गेले गेल्या साली. त्यांच्या नावाने करू का?"

"सांगून गेले होते?"

"नाय. ते बोलायचेच नाय कधी."

"मग नाही होत. स्वतःच्या नावाने करा, त्यांच्यासाठी दुआ मागा."

"बरं," म्हणाली. चपला शोधायला लागली. मीच शोधून दिल्या.

२ जून

मुदस्सरला नाव कळवलं. यासीन इब्राहिम बुरोंडकर. तो म्हणाला, "इकडे सगळेच देतात अम्मी, इथले मौलाना हनफी आहेत, त्यांच्यात चालतं." मी म्हटलं, मला नको शिकवू.

मलावीत केलेलं कल्याणात कुणाला कळणार?

लिहिलं खरं. आता या वाक्याकडे बघवत नाही.

७ जून – ईद

घरचा बकरा झाला. कासमभाई खाटिकाने केला, मी समोर उभी होते. पाय धरायला जमीलाचा नवरा आला. कलेजी तव्यावर टाकली, पहिला घास तोंडात घातला.

दुपारी लिनो आणि त्याची बायको डॉरिस विठ्ठलवाडीहून आले. लिनो यासीनचा लोको शेडमधला जोडीदार. वसईकडचा ख्रिस्ती, पण बकरी ईदला मटणाचे वाटे पोचवायला तीस वर्षं यासीनबरोबर हाच. यंदा एकटाच पिशव्या घेऊन निघाला. "भाभी, यादी तीच ना? त्याने माझ्याकडून पाठ करून घेतलीये." परत आला तो घामाने निथळत. दोन वेळा बिर्याणी घेतली आणि वर म्हणतो, यासीन असता तर मीठ बरोबर पडलं असतं! डॉरिसने त्याला कोपर मारलं.

कितीतरी दिवसांनी हसले.

८ जून

व्हिडिओ आला.

लाल माती, आंब्याचं मोठं झाड, खाली मुलं बसलेली. तिथला एक तरुण इमाम कागदावरून नावं वाचतो आणि प्रत्येक नावानंतर थांबतो. सातवं नाव यासीनचं. बुरोंडकर म्हणताना त्याची जीभ अडली. त्याने कागद जवळ धरला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं – पूर्ण, बापाच्या नावासकट, मोठ्याने. मग बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर.

ज्या माणसाचं नाव कधी कुठल्या पाटीवर लागलं नाही, ते एका अख्ख्या गावाने ऐकलं. माझी कितीतरी भाषणं टाळ्यांनी अडलीत, पण त्यांपैकी एकाही वेळी अशी छाती भरून आली नव्हती.

पुढे एक बाई पातेलं घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्टेजवरचे माझे ते मोबाइलवरच्या बकऱ्याचे विनोद मनातल्या मनात परत घेतले.

अकरा वेळा पाहिला.

९ जून

मुदस्सरने तो व्हिडिओ खानदानाच्या ग्रुपवर टाकला. "माझ्या अब्बांची पहिली कुर्बानी." त्याचा काय दोष? त्याला मी काही सांगितलंच नव्हतं.

जमीला आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"दादाने वसियत केली होती, भाभी?"

"नाही."

"मग तुमचा मेलेला चालतो आणि माझी आई चालत नाही?"

मी बोलणारी बाई. समोर कुणी असो, माझ्याकडे उत्तर असतं. आज नुसता चहा पुढे केला.

"मला त्या दिवशी किती लाज वाटली, तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यानंतर आईच्या नावाने कुराणातलं साधं यासीन शरीफ पढतानापण भीती वाटायची – हे तरी पोचतं का."

गेली. चहा तसाच राहिला.

१० जून

ग्रुपवर कुणीच काही लिहीत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

१२ जून

दोन वाटा आहेत. एक – हनफी मत, थोड्यांचं मत, दोन्ही पुढे करायची आणि सुटायचं. मी ते इतकं सुंदर मांडीन की बायका वर माझीच तारीफ करतील. दुसरी वाट सरळ आहे.

रविवारची बैठक माझीच आहे.

१५ जून

केलं.

जमीलाला स्वतः जाऊन घेऊन आले. यायला तयार नव्हती. म्हटलं, बारा वर्षांपूर्वी तीस बायका होत्या, आज साठ आहेत. तू नसलीस तर मी कुणासमोर बोलू?

उभी राहिले. नेहमीची सुरुवात केली नाही. सरळ सांगितलं – यासीनची वसियत नव्हती, तरी मी नाव दिलं. परदेशात दिलं, कारण इथे तुम्ही बघाल याची भीती होती. बारा वर्षांपूर्वी जमीलाला सांगण्यासारखं एक मत होतं, मला माहीत होतं, मी ते दाबलं. तिला गप्प करायचं होतं मला. "माझा मसला किताबात असेल बरोबर, पण त्या दिवशी मी खोटी होते. जमीला, मला माफ कर."

रेतीबंदरची म्हातारी पहिल्या रांगेत होती. तिलाही ते मत सांगितलं, हे थोड्यांचं, हे बहुतेकांचं, दोन्ही. पुढच्या ईदला ती ठरवेल.

टाळ्या नाहीत. पण निघताना जमीला रिक्षात माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आईचं नाव मलावीला पाठवायला मुदस्सरचा नंबर द्या."

एवढ्या वर्षांत इतकं छोटं भाषण कधी केलं नव्हतं. आणि सांगते, इतकं चांगलंही नाही. यासीन मागच्या बाकावर बसून ऐकायचा, तसा असायला हवा होता.

२० जून

लिनो एकटाच आला. पंख्याकडे बघत म्हणाला, "भाभी, एक कबूल करायचंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही औषधं आणायला खाली गेलेल्या. तेव्हा तो मला बोललेला – लिनो, मी गेलो तर माझ्या नावाने एक कुर्बानी करायला लाव, मी सांगून जातोय. मी बोललो, भाभीला सांग ना. तर हसला. बोलला, तिला सांगितलं तर ती आधी किताबात बघेल. पास होईन की नाय, काय माहीत." लिनोने डोळे पुसले. "तुमचे ते घरात बसायचे दिवस संपू दे म्हणून थांबलो. मग कसं बोलू, कळेना. ईद निघून गेली. माफ करा."

लिनो ख्रिस्ती. वसियतीला त्याची एकट्याची साक्ष धरतात की नाही, ते कुठल्या किताबात कुठल्या पानावर आहे, मला माहीत आहे.

मी बघणार नाही.