काळा गोळा कुठे ठेवायचा

वाशीम, ३ नोव्हेंबर १९७७
डॉक्टर आज प्रेसमध्ये आले. आमच्या धाकट्या बेबीच्या शेवटच्या दिवसांत रक्त तपासून आजाराचं नाव ज्यांनी सांगितलं, तेच. आता गावोगाव जीप घेऊन लोकांना तो रक्तातला, आईबापांकडून येणारा आजार समजावतात. प्रोजेक्टरसाठी काचा हव्यात. पडद्यावर घराण्याचं झाड उमटवायचं: वर आईवडील, खाली एकेक मूल, प्रत्येकाचा एक गोळा. "एकदम सगळं दाखवलं की लोक गांगरतात. एकेक फांदी यावी." आईवडील अर्धे काळे, म्हणजे स्वतः धडधाकट, पण रक्तात आहे. असे दोन अर्धे एकत्र आले तर चारात एक मूल पूर्ण काळं, म्हणजे आजारी, निघायचा धोका. डॉ.च्या कागदावर काळा गोळा दुसरा होता. विचारलं, क्रम हाच ठेवू? म्हणाले, "कुठेही ठेवा, फरक पडत नाही."
मालकांनी होकार दिला, प्रेस सुटल्यावर करायच्या बोलीवर.

५ नोव्हें.
झाडाने जीव खाल्ला. तिरप्या रेघा शिशाच्या खिळ्यांच्या जुळणीत बसत नाहीत, म्हणून फांद्या काटकोनी. अर्धा काळा गोळा आमच्याकडे नाही, लाकडात कोरून घेतला. दर काचेला वेगळी जुळणी केली तर पडद्यावर झाड उड्या मारणार. शेवटी अख्खं झाड एकदाच जुळवून चौकटीत आवळलं. शेवटची काच आधी छापायची, मग एकेक मूल काढून त्या जागी कोरे खिळे भरायचे. छपाई सगळी उलटी.
काळा मी चौथा ठेवला. का, ते स्वतःशी तरी लिहावं. हात आपोआप तिथेच गेला. आमची बेबी चौथी.
काढायचाही तोच पहिला. चिमट्याने काढला, कोरा खिळा भरला. मग मशीन चालवेना.

८ नोव्हें.
सेलोफेनवर शाई वाळत नाही. पावडर मारली तेव्हा कुठे जमलं. शीला घरी दोन काचांमध्ये सेलोफेन धरून कडेने पट्टी चिकटवते. थोरली माझी, हात माझ्याहून हलका. शीलाच्या आईने चुलीपाशी बसूनच विचारलं, "त्यातला काळा कोन?"
"कोणी नाही. डॉक्टरांचं चित्र आहे."
"मले नका शिकवू," म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकून उठून गेली. भाकरी करपली. कोणीच उलटली नाही.

१० नोव्हें.
ज्याची भीती होती तेच. मागच्या महिन्यात शीलाचं आणि दिलीपचं रक्त तपासायला दिलं होतं, आज निकाल कळला. दोघंही अर्धे.
दिलीप म्हणजे मेडशीच्या गयाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मामाची पोरगी म्हणून लहानपणापासून ठरल्यासारखंच. नुसतं ठरलेलं असतं तर मोडताही आलं असतं. तो एस.टी.त कंडक्टर. वाशीम गाडीवर असला की शीलाला नेमकं स्टँडकडेच काम निघतं, आणि आम्ही दोघं नेमके कशात तरी गुंतलेले असतो.
डॉ. म्हणाले, "करा की नका करू, हे मी सांगणार नाही. समजून करा." हिला सांगितलं. शीलाने पलीकडून ऐकलं असणार. रात्री जेवली नाही.

१४ नोव्हें.
डॉ.बरोबर मेडशीला. जीप दिसताच नसबंदीवाले आले समजून निम्मे बाप्ये मागच्या दाराने शेतात. दोन वर्षांची धास्ती, इतक्यात कशी जाईल. गया दारोदार ओरडत फिरली, "अरे, माहा भाऊ आहे, या!" मग हळूहळू विहारासमोर जमले.
भिंतीवर धोतर ताणलं. आई आली. बाप आला. पहिलं मूल पांढरं. दुसरं, तिसरं अर्धं. झाड जागचं जराही हललं नाही. क्षणभर छाती फुगली, खोटं का बोलू. मग चौथी फांदी आली, पूर्ण काळी. मागून एक बाई एवढंच म्हणाली, "अव माय."

१५ नोव्हें.
रात्री गयाकडेच मुक्काम. सकाळी चहा देताना तिचा चेहरा फुललेला.
"भाऊ, माह्या जीवाचा घोर गेला पाय."
"काहून?"
"म्या सोता पाह्यलं ना. पयले तीन पोट्टे बरे. चौथंच तसं. मंग चौथं होऊच नाही द्यायचं! दोनावर थांबवू दिलीपले. सरकारबी तेच म्हणते."
कप खाली ठेवला. ती आपल्याच भरात. "तुह्या बेबीचंबी तसंच झालं. चौथीच होती ना ते?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चौथीच होती.
परतताना गाडीत मेडशीच्या दोन बाया बोलत होत्या: तिसऱ्यानंतर ऑपरेशन केलं की धोका नाही. अख्ख्या गावाने हेच धरलं. त्यांचं काय चुकलं? गोळे एकामागून एक आले, त्यांनी त्याच क्रमाने मुलं जन्माला घातली. चार चिठ्ठ्यांसारखं आहे, त्यात एक काळी, दर मुलाच्या वेळी चारही परत टाकून पुन्हा उचलायची, हे झाडात दिसलंच नाही. मी दिसू दिलं नाही. माझं दुःख मी पडद्यावर टाकलं आणि लोक त्याला हिशेब समजले.

१७ नोव्हें.
डॉ.ना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मीच म्हणालो होतो, फरक पडत नाही." मग दोघांनी मिळून ठरवलं, एका झाडावर भागणार नाही. एकात काळा पहिला, एकात तिसरा. एकात दोन काळे. आणि डॉ. म्हणाले, "एकात काळा ठेवूच नका. तेही घडतं." सगळी झाडं एकापाठोपाठ दाखवायची.
गयाला निरोप धाडला, घाई नको. तिचा उलट निरोप: २७ला, रविवारी, दिलीपला घेऊन लग्नाची तारीख धरायला येते.

२३ नोव्हें.
ही म्हणाली, "एक नेलं म्या मातीत. पोरीच्या हातावर तसं पाह्यनं माह्याच्यानं होनार नाही." पहिल्यांदाच इतकं सरळ बोलली. दोघंही रडलो. ठरवलं: गयाला नाही म्हणायचं. बहीण तुटली तर तुटली.

२६ नोव्हें.
उद्या काय बोलायचं ते दिवसभर प्रेसमध्ये मनात जुळवत होतो. गया, ऐक. गया, रागावू नको. एक ओळ धड बसेना.
घरी आलो तर शीलाने सगळ्या काचा चिकटवून ठेवलेल्या. एकच हातात. खिडकीच्या उजेडात धरली होती. वर दोन अर्धे, खाली चार मुलं, काळं एकही नाही.
"बाबा, हे बी खरंच असते ना?"
"असते."
"मंग?"
पहिल्या संचातली शेवटची काच बाजूलाच पडली होती. उचलून दाखवता आली असती. पण बेबीची हाडं दुखायची तेव्हा रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसलेली शीलाच. तिला मी काय दाखवणार?
"चौथं कसं असते ते मले मालूम आहे, बाबा," ती म्हणाली. "तरीबी विचारून राह्यली."
आत हिचा भांड्यांचा आवाज थांबला.
सकाळच्या पहिल्या गाडीने गया येते. मी शीलाला अजून उत्तर दिलेलं नाही.