पूर्वेकडची फांदी

२२ जून, दुपार

प्रिय धांदऱ्या,

तू, तुझी बायको आणि चिमणी मजेत ना? मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो या घरातला जुना तक्रारखोर; त्याचं कोण मनावर घेतं!

मोठी बातमी म्हणजे आपल्या आंब्याची छाटणी झाली. झाडवाल्या बाई आल्या होत्या. साठीच्या, पण दोर बांधून खारीसारख्या सरसर वर! शेंड्यावरूनच ओरडल्या, "हा कुणी भादरलाय?"

"मी आणि माझ्या भावाने. पंधरा वर्षांपूर्वी."

"झाडाची हजामत करतात का, ताई? एका फांदीच्या जागी वीस काटक्या फुटल्यात. एकीतही दम नाही."

शिडी तू धरली होतीस, हे मी सांगितलं नाही. (सांगितलं. लगेच.)

मग खाली उतरून चहा घेताना त्यांनी विचारलं, "दहा वर्षांनी इथे काय हवंय तुम्हाला? ते कळल्याशिवाय मी मोठ्या फांदीला करवत लावत नाही."

मी उठून कप विसळायला घेतले.

दोन वर्षांपूर्वी तू पूर्वेकडच्या त्याच मोठ्या फांदीखाली दोरी टाकून खोली आखली होतीस. बाहेरच्या खोलीत तुम्ही तिघं दाटीवाटीने राहत होता. मी म्हटलं, "फांदीला हात लावशील तर खबरदार!" तू सामान बांधलंस. मी सगळ्यांना सांगत सुटले की झाड वाचवलं. खरं सांगू? आंब्याचं नुसतं निमित्त. खोली झाली की तुम्ही कायमचे राहणार, घर माझं एकटीचं उरणार नाही, याचीच धास्ती होती. आता घर एकटीचं आहे. कपसुद्धा एकच विसळावा लागतो.

"पूर्वेला एक खोली," मी म्हटलं. "भावाची."

बाईंनी ती फांदी तोडली नाही. वर जाणाऱ्या एका दणकट फाट्यापर्यंत आखूड केली. आता वाढ तिकडे वळेल, छपराच्या वरून. बाकीचं पुढच्या दोन वर्षांत, थोडं थोडं. "घाई केलीत तर पुन्हा काटक्याच! आणि पाया बुंध्यापासून लांब घ्या, मुळं दुखवू नका."

म्हणजे खोलीला दोन वर्षं. तोवर माझी खोली तुमची. बाहेरची मला पुरते. चिमणीने हवा तेवढा दंगा करावा. तुझी दोरी अजून खुंटीला आहे. ये, माप पुन्हा घे. या वेळी दुसरं टोक मी धरते.

तुझी,
उशिरा का होईना, शिडीवरून उतरलेली
ताई